दुपटीचा टेलिकन्व्हर्टर घेऊ का?

प्रश्न: मुळशी जलाशयाच्या काठावरून पक्ष्यांचे फोटो काढतो. ३०० मिमी एफ/४ लेन्स अपुरी पडते. दुपटीचा टेलिकन्व्हर्टर घ्यावा का?

उत्तर: नको, १.४ पटीचा घ्या. त्याने लेन्स ४२० मिमी, एफ/५.६ होते, प्रकाश निम्म्यावर येतो. दुपटीच्याने ६०० मिमी मिळतात खरे, पण एफ/८ वर. प्रकाश चौथाईच उरतो आणि जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस चाचपडू लागतो. पाण्यावरच्या लख्ख उन्हात एकवेळ निभेल. ताम्हिणीच्या गर्द झाडीत शीळकरी कस्तूर टिपताना आयएसओ भरमसाट वाढवावा लागेल. दुपारी तापलेली हवा थरथरते, तेव्हा कन्व्हर्टर ती थरथरही मोठी करून दाखवतो. म्हणून सकाळीच जा. आणि हो, प्रत्येक लेन्सला कन्व्हर्टर बसत नाही. पैसे देण्यापूर्वी लेन्स-उत्पादकाची यादी जरूर तपासा.