दुर्बीण निघावी, पण नेम हलू नये

एन.सी.सी.च्या शिबिरात पॉइंट टू-टू रायफल हाताळलेल्या छात्रांना साध्या, बिनकाचेच्या दर्शिकेची ओळख असतेच. रायफलीवर दुर्बीण बसवायची झाल्यास मात्र तिला धरून ठेवणारी बैठक, म्हणजे माउंट, लागते. स्क्रूने कायम आवळलेली आणि खटका उघडताच हाताने निघणारी, असे तिचे दोन प्रकार होत. यांपैकी दुसऱ्या प्रकाराची निवड कशी करावी, हे येथे पाहू.

प्रवासात दुर्बीण वेगळी ठेवता येते. बुलढाण्याच्या घाटावर पावसाळी धुक्यात भिंग धूसर झाले, तर ती उतरवून साध्या दर्शिकेने नेम धरता येतो. ही सोय खरी. परंतु बैठकीची कसोटी ती किती लवकर निघते ही नसून, पुन्हा पूर्वीच्याच जागी बसते की नाही, ही होय.

थोडा हिशेब करू. बैठकीच्या दोन कड्यांत १०० मिलिमीटर अंतर आहे आणि मागील कडी केवळ ०.०३ मिलिमीटर सरकली, असे समजा. हे अंतर केसाच्या जाडीहूनही कमी आहे. तरीही समरूप त्रिकोणांच्या नियमाने ५० मीटरवर गोळी १५ मिलिमीटर बाजूला जाईल. ५० मीटर रायफल स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. म्हणजे नेम अचूक असूनही दहा गुण हुकले!

म्हणून प्रथम रायफलीवरील पट्टी पाहावी. पिकॅटिनी पट्टीच्या खाचा ५.२३ मिलिमीटर रुंद असतात. वीव्हर पट्टीच्या त्याहून अरुंद. त्यामुळे वीव्हरची बैठक पिकॅटिनीवर बहुधा बसते, उलट मात्र नेहमी जमत नाही. दुसरे, खटक्याचा दाब कमी-जास्त करण्याची सोय असावी आणि तो बाहीला अडकून आपोआप उघडू नये. तिसरे, बैठक लावताना ती दरवेळी पुढे सरकवून खाचेच्या पुढील भिंतीला टेकवावी, मगच खटका लावावा.

शेवटी प्रत्यक्ष चाचणी. पाच गोळ्या झाडाव्यात, रायफल रिकामी असल्याची खात्री करून दुर्बीण काढावी, पुन्हा लावावी व आणखी पाच झाडाव्यात. असे तीन वेळा करून प्रत्येक गटाचा मध्य तपासावा. मध्य जागचा हलत नसेल, तरच बैठक विश्वासाची.

ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीला परवानगी नाही. २०१० साली म्यूनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे, या कोल्हापूर जिल्ह्याच्या नेमबाजांनी छिद्राच्या दर्शिकेतूनच नेम साधला. पण ती दर्शिकाही पट्टीवरच आवळलेली असते आणि तिलाही हाच नियम लागू पडतो. नेमबाजाचा हात कितीही स्थिर असला, तरी दर्शिकेची बैठक स्थिर नसेल तर त्याची साधना व्यर्थ जाते.