मिररलेस की कॉम्पॅक्ट : पहिला कॅमेरा निवडताना



मिररलेस कॅमेऱ्याची लेन्स काढून तिच्या जागी दुसरी लावता येते. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची लेन्स बॉडीला कायमची जोडलेली असते. वजन, किंमत, अंधारातली ताकद आणि पुढे होणारा खर्च यांतले बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात. म्हणून निवडीचा विचारही तिथूनच सुरू करावा. दुकानात मात्र तो मेगापिक्सेलच्या आकड्यापासून सुरू होतो आणि नवख्या माणसाची पहिली चूक तिथेच होते.

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे तिरका आरसा असे. लेन्समधून आलेले दृश्य तो वर डोळ्याकडे वळवी आणि बटण दाबले की क्षणभर बाजूला होई. आरशाच्या त्या हालचालीला जागा लागे, त्यामुळे लेन्सचा माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते ती कडी, आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यात बरेच अंतर ठेवावे लागे. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर होते. आरसा गेल्यावर झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटरवर आले. अदलाबदलीच्या लेन्सचा हा आरसाविरहित प्रकार पॅनासॉनिकच्या जी१ या कॅमेऱ्याने २००८ साली बाजारात रुजवला. सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेम सेन्सर अशा बॉडीत बसवला, आणि २०१८ मध्ये कॅनन व निकॉन हेही फुल फ्रेम मिररलेसकडे वळले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : आरसा गेल्याने बॉडी बारीक झाली, लेन्स त्या प्रमाणात लहान झाल्या नाहीत. मोठ्या सेन्सरवर सगळीकडे प्रकाश पोचवायचा तर काचही मोठीच लागते. दुकानातल्या काउंटरवर चिमुकली दिसणारी बॉडी झूम लेन्स लावल्यावर खिशात मावत नाही.

कॉम्पॅक्ट म्हणून आज जे विकले जाते, त्यातले सगळे एका जातीचे नाही. १/२.३ इंच म्हटला जाणारा लहान सेन्सर असलेले स्वस्त कॉम्पॅक्ट मोबाइलने जवळजवळ संपवले. आज पैसे घालून असा कॅमेरा घेण्यात अर्थ नाही. अपवाद फक्त ओएम सिस्टिमच्या (पूर्वीच्या ऑलिंपसच्या) टीजी मालिकेसारख्या पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा. उरलेले दोन प्रकार विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला एक इंची सेन्सर आणि छोटा झूम असलेला : सोनीची आरएक्स१०० मालिका, कॅननचा जी७ एक्स. दुसरा मोठा एपीएस-सी सेन्सर आणि एकाच नाभीय अंतराची लेन्स असलेला : रिकोचा जीआर, फुजीफिल्मचा एक्स१००. याशिवाय निकॉन पी१००० सारखे सुपरझूम कॅमेरे असतात. ते दिसायला दांडगे, वजनाने सुमारे १४०० ग्रॅम, पण आतला सेन्सर तोच १/२.३ इंची. भरउन्हात चंद्राएवढ्या लांबची वस्तू ते जवळ आणतात, संध्याकाळी मात्र निराश करतात. आकाराला भुलून त्यांना मिररलेसच्या रांगेत बसवू नये.

सेन्सरच्या मापांची नावे फसवी आहेत, म्हणून मिलिमीटरच पाहावेत. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, म्हणजे सुमारे ३७०. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३, म्हणजे सव्वादोनशे. ‘एक इंची’ सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. त्याची कोणतीच बाजू इंचभर नाही. १/२.३ इंची सेन्सर तर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा. काही महागड्या मोबाइलमध्येही आता एक इंची सेन्सर येऊ लागला आहे.

हे आकडे पाहिले की एपीएस-सी मिररलेस एक इंची कॉम्पॅक्टपेक्षा तिपटीने सरस ठरणार असे वाटते. तो निष्कर्ष घाईचा आहे. सेन्सरवर किती प्रकाश पडतो हे लेन्सवरही तितकेच अवलंबून असते, आणि बहुतेक हिशेब इथेच चुकतात. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतल्या तिसऱ्या ते पाचव्या कॅमेऱ्यांची लेन्स ८.८ ते २५.७ मिलिमीटरची आहे. तिचे अॅपर्चर रुंद टोकाला एफ १.८, लांब टोकाला एफ २.८. याच कंपनीच्या एपीएस-सी मिररलेसबरोबर मिळणारी किट लेन्स १६ ते ५० मिलिमीटरची, एफ ३.५ ते ५.६. नाभीय अंतराला एफच्या आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. रुंद टोकाला दोन्ही लेन्समधून जवळजवळ सारखेच दृश्य दिसते. तिथे कॉम्पॅक्टचे छिद्र ४.९ मिलिमीटरचे भरते, किट लेन्सचे ४.६. लांब टोकाला कॉम्पॅक्टचे ९.२, किट लेन्सचे ८.९. म्हणजे तीच चौकट आणि तोच शटरचा वेग धरला, तर दोन्ही कॅमेरे दृश्यातून जवळपास सारखाच प्रकाश गोळा करतात. मागची पार्श्वभूमी धूसर होण्याचे प्रमाणही सारखेच राहते. मोठ्या सेन्सरचा फायदा मंद लेन्सने खाऊन टाकलेला असतो.

आता त्याच मिररलेसवर ५० मिलिमीटर एफ १.८ ची प्राइम, म्हणजे एकाच नाभीय अंतराची, लेन्स चढवली की चित्र पालटते. छिद्राचा व्यास जवळजवळ २८ मिलिमीटर होतो, आणि किट लेन्सच्या लांब टोकाच्या मानाने सुमारे साडेनऊपट प्रकाश आत येतो. समईच्या उजेडातला आजीचा चेहरा, देवळाच्या गाभाऱ्यातली आरती, रात्रीच्या रंगमंचावरचा नट, हे सारे तेव्हा आवाक्यात येते. मिररलेस घेऊन जन्मभर किट लेन्सच वापरणाऱ्याने जादा वजन वाहिले आणि जादा पैसे मोजले, त्याच्या बदल्यात मिळालेली पुढची वाट मात्र वापरलीच नाही. त्यामुळे मिररलेसचा निर्णय हा दुसऱ्या लेन्सचा निर्णय आहे. येत्या वर्ष-दीड वर्षात दुसरी लेन्स कोणती, कशासाठी आणि कोणत्या पैशातून घ्यायची, याचे उत्तर आधी असावे. उत्तर नसेल तर चांगला कॉम्पॅक्ट हाच शहाणपणाचा सौदा.

वजनाचा हिशेबही लेन्ससकट करावा. आरएक्स१०० चा पाचवा अवतार बॅटरीसह सुमारे ३०० ग्रॅमचा. सोनी ए६४०० ची बॉडी सुमारे ४०० ग्रॅम, किट लेन्स ११६ ग्रॅम; इथवर फरक सोसण्याजोगा आहे. त्यात ५५–२१० झूम (३४५ ग्रॅम) आणि ५० मिलिमीटरची प्राइम (सुमारे २०० ग्रॅम) घातली की ओझे किलोच्या वर जाते. चार्जर, जादा बॅटरी आणि पाठीवरची पिशवी वेगळीच. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढणाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि पिशवीच्या तळाशी गेलेला कॅमेरा कोकणकडा येईपर्यंत बाहेर निघत नाही. रिको जीआर ३ कार्ड आणि बॅटरीसह २५७ ग्रॅमचा आहे आणि सदऱ्याच्या खिशात बसतो. त्यात झूम नाही, फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, आणि बॅटरी एका चार्जमध्ये साधारण २०० छायाचित्रांपुरतीच. तरीही चालता चालता छायाचित्रे काढणाऱ्या लोकांनी तो उगाच उचलून धरलेला नाही.

वारीच्या उदाहरणावरून दोन्ही कॅमेऱ्यांची कामे नीट वेगळी करता येतात. दिंडीत चालताना माणसे हातभर अंतरावर असतात. टाळ धरलेली बोटे, डोक्यावरचे तुळशीवृंदावन, पायांना तेल चोळणारी माऊली : यासाठी फुल फ्रेमच्या हिशेबाने २८ किंवा ३५ मिलिमीटरइतके रुंद दृश्य देणारी एकच लेन्स पुरते. लहान कॅमेऱ्यापुढे लोक सावरून बसत नाहीत. त्यातच रिको आणि एक्स१०० यांचे शटर लेन्समध्येच असल्याने त्याचा आवाज जवळजवळ होत नाही. कीर्तनात किंवा हरिपाठाच्या वेळी याचे मोल कळते. मिररलेसमध्ये निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर असते खरे, पण बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर दृश्य ओळीओळीने टिपतो आणि झटकन हलणारी वस्तू तिरकी उमटते. चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणात मात्र गणित उलटते. अश्व क्षणात समोरून निघून जातात, प्रेक्षकाला दोरीच्या आत पाऊल टाकता येत नाही. तिथे लांब लेन्स, धावत्या वस्तूला धरून ठेवणारा ऑटोफोकस आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर हवा. २८ मिलिमीटरच्या लेन्समधून नुसती गर्दी दिसते. पक्ष्यांच्या बाबतीत तर चर्चाच नको. भिगवणच्या पाणथळीवर रोहित पाहायला जाणाऱ्याने ४०० मिलिमीटरच्या आसपास पोचणारी लेन्स गृहीत धरूनच मिररलेस घ्यावा.

पाऊस आणि धूळ यांबाबत दोन्ही प्रकार नाजूक आहेत. सुरुवातीच्या किमतीच्या मिररलेस बॉडी बहुधा पावसासाठी बंदिस्त केलेल्या नसतात. जीआर ३ सुद्धा तसा बंदिस्त नाही. एक्स१००व्हीआय ला संरक्षण मिळते ते पुढे अॅडॅप्टर रिंग आणि फिल्टर चढवल्यावरच. कॉम्पॅक्टची लेन्स आतबाहेर सरकते तेव्हा हवेबरोबर बारीक धूळ आत ओढली जाते. ती एकदा सेन्सरवर बसली की कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही आणि ते काम घरी करण्याचे नाही. मिररलेसच्या सेन्सरवर लेन्स बदलताना धूळ पडते, पण ती हातातल्या रबरी ब्लोअरने बहुतेक वेळा उडवता येते. लेन्स बदलण्याचीही रीत आहे. कॅमेरा आधी बंद करावा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. नव्या लेन्सचे मागचे झाकण आधीच सैल करून ठेवावे, बॉडीचे तोंड जमिनीकडे करून जुनी लेन्स फिरवून काढावी आणि नवी लगेच बसवावी. बॉडीचे तोंड आकाशाकडे करून झाकण शोधत बसणे टाळावे.

बुरशी हा आपल्याकडचा मोठा शत्रू. कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखून कॅमेरा ठेवावा. कातडी पिशवीत मुळीच ठेवू नये. जितक्या लेन्स जास्त, तितकी ही जबाबदारी जास्त.

जुना माल घ्यायला हरकत नाही. विद्यार्थ्यासाठी तो अनेकदा उत्तम मार्ग असतो. बॉडीची किंमत दर नव्या मॉडेलबरोबर उतरते, चांगली लेन्स वर्षानुवर्षे तेच काम देते. म्हणून बॉडी जुनी आणि लेन्स चांगली, हे वाटप योग्य. जुनी लेन्स तपासताना अॅपर्चर पूर्ण उघडावे, मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका टाकावा आणि पुढून पाहावे. धुळीचे दोन-चार कण दिसले तर चिंता नाही; कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत ठेवावी. जुन्या कॉम्पॅक्टच्या बाबतीत निळ्या आभाळाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र एफ ११ च्या आसपास काढून पडद्यावर मोठे करून पाहावे. काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. नवा कॅमेरा बिलाशिवाय घेऊ नये. बिलाविना दोन-पाच हजार वाचतात, वॉरंटी मात्र हातची जाते.

व्हिडिओवर पोट भरायचे असेल, किंवा लग्नसमारंभाची, पक्ष्यांची, नाटकाची वा खेळाची छायाचित्रे हे मुख्य काम असेल, तर एपीएस-सी मिररलेस घ्यावा. फुल फ्रेमची शिकाऊ माणसाला गरज नाही. त्याच्या लेन्सच अंदाजपत्रक मोडतात. किट लेन्सबरोबर पहिल्याच दिवशी एफ १.८ ची एक प्राइम घ्यावी, त्यासाठी बॉडी एक पिढी जुनी घ्यावी लागली तरी चालेल. माउंट ठरवताना त्याच्यासाठी सिग्मासारख्या इतर कंपन्यांच्या लेन्स मिळतात का, हे पाहावे. सोनीच्या ई माउंटवर अशा लेन्स विपुल आहेत. कॅननने आरएफ माउंटच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी सिग्माला वाट करून दिली ती २०२४ मध्ये.

भटकंती, वारी, प्रवास, घरची माणसे आणि रस्त्यावरचे जगणे हा विषय असेल, तर कॉम्पॅक्ट घ्यावा. गडावरून समोरची डोंगररांग जवळ आणायची हौस असेल तर झूम असलेला एक इंची, माणसांत मिसळायचे असेल तर एकाच नाभीय अंतराचा मोठ्या सेन्सरवाला. भर उन्हात कासच्या पठारावर मागचा पडदा दिसेनासा होतो, त्यामुळे व्ह्यूफाइंडर असलेले मॉडेल परवडत असेल तर तेच पाहावे.

गडकिल्ले आणि वारी एवढीच आवड असलेल्या, दुसऱ्या लेन्सचा बेत नसलेल्या तरुण माणसाने आज कॉम्पॅक्टच घ्यावा. रिंगणातले अश्व किंवा भिगवणचे रोहित यांची ओढ पुढे लागलीच, तर मिररलेस तेव्हा घ्यावा आणि कॉम्पॅक्ट विकू नये.