धानाच्या धुऱ्यावरील देशी झुडपे : पक्ष्यांसाठी निवड कशी करावी?

भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी मागे पडली, की शिवनाथ नदीच्या दिशेने धानाच्या बांध्या सुरू होतात. दुर्ग, राजनांदगाव हा छत्तीसगडचा भाग आणि त्याला लागून असलेले महाराष्ट्रातील गोंदिया, भंडारा, गडचिरोली हे जिल्हे मिळून एकच धानप्रदेश होतो. खरिपात धान, त्यानंतर उरलेल्या ओलीवर लाखोळी किंवा हरभरा, आणि पीक निघाले की मोकाट चराई, हे येथील वर्षाचे चक्र आहे. या चक्रात धुऱ्याकडे केवळ पाणी अडविणारी मातीची भिंत म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या धुऱ्याचा दुसरा उपयोग मांडला आहे.

एका सल्ल्याची दुरुस्ती

"धुरे स्वच्छ ठेवा" हा सल्ला मी स्वतः अनेक वर्षे दिला. त्यामागे शास्त्रीय कारण आहे. गादमाशीसारख्या किडी धानाच्या दोन हंगामांच्या मधल्या काळात जंगली धानावर (छत्तीसगडमध्ये यास 'करगा' म्हणतात) व काही गवतांवर तग धरतात. लष्करी अळीलाही बांधावरील गवताचा आश्रय मिळतो. मात्र या सल्ल्याचा अर्थ शेतकऱ्यांनी "धुऱ्यावर काहीच नको" असा घेतला आणि आम्हीही तो दुरुस्त केला नाही. शिवनाथकाठच्या एका शेतकऱ्याने करवंद व बोरीची जुनी झुडपे यंत्राने मुळासकट काढून धुरे गुळगुळीत केले. पुढे त्याच शेतात हरभऱ्यावर घाटेअळी आली, तेव्हा आम्ही पक्षी थांबे लावण्यास सांगितले. थांबे उभे राहिले, पण त्यांवर बसावयास पक्षी फारसे आले नाहीत. "साहेब, खुर्ची मांडली, पण पाहुणा राहतो कुठे?" हा त्या शेतकऱ्याचा प्रश्न मला निरुत्तर करून गेला.

गवत आणि झुडूप यांत भेद करणे, ही त्या सल्ल्याची दुरुस्ती आहे. करगा व यजमान गवते काढावीत आणि योग्य देशी झुडपे राखावीत.

पक्षी नेमके काय करतात?

भारतीय पक्ष्यांच्या आहाराचा शेतीच्या दृष्टीने झालेला अभ्यास जुना आहे. बिहारमधील पुसा येथे मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी पक्ष्यांच्या जठरातील अन्न तपासून केलेल्या नोंदी 1912 साली प्रसिद्ध झाल्या. तेव्हापासून एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे : दाणे खाणारे अनेक पक्षीसुद्धा आपल्या पिलांना प्रामुख्याने किडे व अळ्याच भरवितात. चिमणी आणि सुगरण ही याची परिचित उदाहरणे होत.

तथापि, पक्ष्यांकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. बुंध्याशी दाटीने बसणारे तपकिरी तुडतुडे, खोडाच्या आत शिरलेली खोडकिडीची अळी किंवा गादमाशीच्या पोंग्यातील अळी पक्ष्यांच्या आवाक्याबाहेर असते. तेथे कोळी, मिरीड ढेकूण, परोपजीवी कीटक आणि प्रतिकारक वाण यांवरच भिस्त ठेवावी लागते. पक्ष्यांचा खरा उपयोग उघड्यावर वावरणाऱ्या किडींविरुद्ध होतो. कोतवाल उडते पतंग व टोळ पकडतो. साळुंकी आणि गायबगळे लष्करी अळ्या वेचतात. हरभऱ्यात घाटेअळी टिपण्यात कोतवाल व साळुंकी पुढे असतात. वटवट्या, शिंपी, चीरक, सातभाई हे लहान पक्षी धुऱ्यालगतच्या ओळींत सतत शोध घेत राहतात.

कीड आल्यावर पक्षी बोलावून येत नाहीत. ते शिवारात आधीपासून वस्तीला असावे लागतात. त्यासाठी त्यांना वर्षभर अन्न, घरट्यासाठी दाट जागा आणि शिकारी पक्ष्यांपासून लपण्याची सोय हवी. काठीचा थांबा यांपैकी काहीच पुरवीत नाही. तो केवळ बैठक देतो.

निवडीचे तीन निकष

पहिला निकष फुला-फळांच्या वेळापत्रकाचा. एकाच जातीची लांब रांग लावल्यास पक्ष्यांना एक-दोन महिनेच अन्न मिळते. दुसरा निकष रचनेचा. काटेरी व दाट फांद्यांत घरटी सुरक्षित राहतात. तिसरा निकष चराईत टिकण्याचा. पीक निघाल्यावर गुरे मोकळी सुटतात, त्यामुळे काटेरी किंवा गुरांना न आवडणारी जातच येथे तग धरते.

या निकषांवर पुढील जाती उपयुक्त ठरतात :

• करवंद – सदाहरित, काटेरी, दाट. मे-जूनमध्ये फळे पिकतात, म्हणजे शेत उघडे असताना अन्न मिळते. बुलबुलाच्या घरट्यास उत्तम. मुरमाड 'भाटा' जमिनीतही येते.

• येरोणी – बोरीच्या कुळातील वाकड्या काट्यांची, वेलीसारखी पसरणारी जात. हिवाळ्यात लहान काळी फळे. भारद्वाजासारख्या पक्ष्याला अशी गुंतागुंतीची जाळी आवडते. भारद्वाज मोठे किडे, गोगलगायी व उंदरांची पिलेही खातो.

• बोर (बोइर) – हिवाळ्यात फळे. पानांवर लहान निळसर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. त्या धानाकडे वळत नाहीत, पण पक्ष्यांच्या पिलांचे अन्न होतात. बोरीवर रंगीनी लाखेचे संगोपन करता येत असल्याने पूरक उत्पन्नाचीही शक्यता आहे.

• पांढरफळी – पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून पांढरी, रसाळ फळे. कोरड्या, हलक्या जमिनीस योग्य.

• धायटी (धवई) – फेब्रुवारी ते एप्रिल लाल, मधुरसाने भरलेली फुले. शिंजीर, बुलबुल आणि मधमाश्या येतात. खडकाळ धुऱ्यावर चांगली वाढते.

• मुरुडशेंग (ऐंठी) – पावसाळ्यापासून फुले. लाल फुलांतील मधुरसासाठी पक्षी येतात व परागीभवनही करतात. 'मटासी' जमिनीत योग्य.

• निर्गुडी – गुरे तोंड लावीत नाहीत. ओलसर 'डोरसा' व 'कन्हार' जमिनीत, नाल्याकाठी उत्तम. फुलांवर मधमाश्या व परोपजीवी गांधीलमाश्या येतात. फांदीच्या कलमाने सहज लागते.

एका धुऱ्यावर किमान चार जाती मिसळून लावाव्यात. करवंद, येरोणी, धायटी व निर्गुडी या चौघींनी वर्षाचा बहुतेक काळ व्यापला जातो.

काय लावू नये?

घाणेरीची (टणटणी) फळे बुलबुल आवडीने खातो, म्हणून ती राखावी काय, असे विचारले जाते. उत्तर नकारार्थी आहे. ती गुरांना विषारी आहे, देशी झुडपांना दाबून टाकते आणि तिच्या पानांवर पिलांसाठी लागणाऱ्या अळ्या फार थोड्या मिळतात. बुलबुलाच्या विष्ठेतून तिचे बी आपल्या झुडपांखाली पडतेच. ती रोपे लहान असतानाच उपटावीत. बेशरमही धुऱ्यावर ठेवू नये.

भेंडी किंवा कपाशीशेजारी पेटारीसारख्या भेंडीवर्गीय झुडपांना जागा देऊ नये, कारण ठिपक्यांची बोंडअळी व पिठ्या ढेकूण त्यांवर पोसले जातात. बोराच्या बागेजवळ रानबोर वाढविल्यास फळमाशीला आश्रय मिळतो. दुर्ग जिल्ह्यात धमधा भागात टोमॅटोची लागवड मोठी आहे आणि बुलबुल पिकलेल्या टोमॅटोला चोच मारतो. अशा शेताजवळ फळझुडपांऐवजी धायटी, मुरुडशेंग व निर्गुडी निवडावी.

शेतकऱ्यांच्या दोन रास्त शंका

"पक्षी दाणा खातील." मुनिया व सुगरण ओंबीतील दाणा खातात, हे खरे आहे. मुनिया झुडपांत घरटेही करते. लवकर पिकणाऱ्या वाणाच्या एकट्या बांधीस अधिक उपद्रव होतो. म्हणून शिवारात एकाच वेळी पिकणारे वाण घ्यावेत आणि दाणा भरण्याच्या काळात राखण करावी. पोपट मात्र झाडांच्या ढोलीत घरटे करतो, त्यामुळे झुडपांनी त्याची वस्ती वाढत नाही.

"सावली व उंदीर वाढतील." यासाठी अरुंद आतील धुरे सोडून वाट, नाला किंवा हद्दीकडील रुंद धुराच निवडावा. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व सावली उत्तरेकडे पडते. म्हणून शेताच्या उत्तर बाजूचा धुरा सोयीचा, मात्र शेजाऱ्याची संमती घ्यावी. झुडपांच्या बुंध्याजवळील गवत काढून जमीन मोकळी ठेवावी, म्हणजे उंदरांची बिळे वेळीच दिसतात.

लागवड व निगा

जुने झुडूप असल्यास प्रथम तेच राखावे. नवी लागवड पावसाच्या पहिल्या पंधरवड्यांत एक ते दीड मीटर अंतरावर करावी. करवंदाचे बी ताजे असतानाच पेरावे. पहिली दोन वर्षे बोरीच्या काट्यांचे कुंपण घालावे. छाटणी धान कापणीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारीत करावी, आणि दरवर्षी एक तृतीयांश झुडपेच छाटावीत, म्हणजे उरलेल्यांवर हिवाळी फळे राहतात. मार्च ते सप्टेंबर हा अनेक लहान पक्ष्यांचा विणीचा काळ असल्याने त्या वेळी कोयता लावू नये. धुरे पेटवू नयेत. झुडपांवर फवारणी करू नये. कार्बोफ्युरानसारखी दाणेदार कीटकनाशके दाणा समजून टिपल्यास पक्षी दगावतात, हे विशेष लक्षात ठेवावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक गावात एका शेतकऱ्याचा एकच धुरा निवडून प्रारंभ करावा. दर पंधरवड्यास सकाळी अर्धा तास उभे राहून कोणता पक्षी, कोणत्या झुडपावर, चोचीत काय, एवढीच नोंद वहीत करावी. झुडूपविरहित धुऱ्याचीही तशीच नोंद ठेवावी. दोन वर्षांत त्या वहीतून शेतकऱ्यास स्वतःच्या शिवाराचे उत्तर मिळेल.

ज्या शेतकऱ्याने मला प्रश्न विचारला, त्याने गेल्या पावसाळ्यात उत्तरेच्या धुऱ्यावर करवंद व निर्गुडी लावली आहे. रोपे अजून गुडघ्याएवढीही नाहीत. काट्यांच्या कुंपणावर मात्र चीरकाची जोडी येऊन बसू लागली आहे.