हळू पळ, पण निघ

अगं, काल फोनवर बूट, वेळ, खाणंपिणं सगळं विचारून झालं, आणि खरा प्रश्न तू अगदी शेवटी, आवाज खाली आणून विचारलास: "ताई, सोबतीला कुणीच नाही. एकटीनं एकवीस किलोमीटर पळणं बरं दिसेल का?" जमेल का, असं नाही विचारलंस. बरं दिसेल का! म्हणून आज निवांत सांगते.

चैत्रात नि नवरात्रात आपल्या दिंडोरीवरून किती बाया पायी वणीच्या गडाकडे जातात. कुणी अनवाणी, कुणी लेकरू कडेवर घेऊन. त्यांना कुणी 'का गं निघालीस?' असं विचारत नाही. त्याच रस्त्यावर बूट घालून एकटी पळणारी बाई दिसली, की मोटारसायकली हळू होतात. चालणारीचं कारण लोकांना ठाऊक असतं, पळणारीचं नसतं, एवढाच फरक. माझ्या पहिल्या आठवड्यात दूध घालायला निघालेल्या एका काकांनी "पोरी, एसटी चुकली का?" असं विचारलं होतं. महिन्याभरानं तेच काका लांबून हात करायला लागले. बघणारे कंटाळतात गं, आपण कंटाळायचं नाही.

आणि वाट मळलेली आहे. आपल्याच तालुक्यातली मोनिका आथरे 2017 मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन पळाली. सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलं, पुढे रिओ ऑलिम्पिकला मॅरेथॉन पळाली. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू झाली तीच मुळी 1984 साली. त्याआधी एवढं अंतर बाईला झेपणार नाही, असं मानणारे मोठमोठ्या पदांवर बसलेले होते. तेव्हा गल्लीतल्या लोकांचं काय घेऊन बसलीस!

आता कामाचं. अर्धी मॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर. दिंडोरीहून नाशिकला निघालीस, तर म्हसरूळच्या पुढं-मागं संपेल एवढी. हातात पाच महिने ठेव. आठवड्यात तीन दिवस थोडं थोडं आणि रविवारी एक लांबची धाव. दर रविवारी एखादाच किलोमीटर वाढव, आणि चौथ्या रविवारी वाढवायचं सोडून कमी कर. सतरा-अठरापर्यंत पोचलीस की पुरे, उरलेले तीन-चार शर्यतीच्या दिवशी होतात. मी घाई केली होती. आठावरून एकदम तेरावर गेले आणि गुडघा धरून तीन आठवडे घरात बसले.

वेग कसा ओळखायचा? पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटी आहेस, तर स्वतःशीच बोल. मी पाढे म्हणायचे. सतराच्या पाढ्याला धाप लागली, की समजायचं, जास्त झालं. मधे चालावं लागलं तर चाल, त्यात कमीपणा नाही.

छाटणी-डिपिंगच्या दिवसांत दिवसभर द्राक्षांच्या बागेत उभी असतेस, त्या दिवशी पळणं सोडलंस तरी चालेल. रविवार मात्र सोडू नकोस. पहाटे ब्लोअरनं फवारणी चालू असेल, तर त्या बागेजवळून जाऊच नकोस, रस्ता बदल. पाटाच्या कडेचा कच्चा रस्ता गुडघ्यांना बरा, पण अंधारात तिकडं नको. डांबरी रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं पळ. टोमॅटोच्या पिकअप गाड्या पहाटे सुसाट असतात. कानात काही घालू नकोस. आणि लाईव्ह लोकेशन रोज कुणाला तरी पाठव. एकटीनं पळायचं म्हणजे कुणाला न सांगता पळायचं असं नाही.

खर्च कर तो बुटांवर आणि चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर. बूट अंगठ्यापुढं बोटभर जागा राहील असे घे. मांड्या नि काखा घासतात, तिथं व्हॅसलीन लाव. सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्या घरात सगळ्याच बायकांना ते कमी असतं आणि सगळ्याच त्याला 'थकवा' म्हणतात. स्नायू दुखले तर ते उतरतं. एकाच जागी, हाडात टोचल्यासारखं दुखलं तर थांबायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर जिद्द गुंडाळून ठेव आणि सरळ डॉक्टर गाठ.

शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही नको. मी हौसेनं नवे मोजे घातले आणि बाराव्या किलोमीटरला फोड आला. रोज खातेस तेच खा. खजूर, गूळ-शेंगदाणे जवळ ठेव. पाणी तहानेपुरतं, घोट-घोट. नुसतं पाणी ढोसलं तर अंगातलं मीठ पातळ होतं नि तेही धोक्याचं. म्हणून मधे लिंबू-मीठ-साखरेचं घे.

सुरुवातीला सगळे तुझ्यापुढं जातील. जाऊ दे. पंधराव्या किलोमीटरनंतर त्यातले बरेच चालताना दिसतील. तिथंच तुझ्या मनातही येईल, 'कुणी सांगितलं होतं हे?' त्या वेळी सोबत असती तर आपण तिच्याकडं बघून थांबलो असतो. एकटीला तसं कारण नसतं, एवढा एकटं असण्याचा फायदा मला पहिल्याच शर्यतीत कळला. मला दोन तास अठ्ठावन्न मिनिटं लागली. शेवटून मोजलं तर लवकर सापडले असते. पण घरी येऊन अंगणाच्या दोन पायऱ्या कठडा धरून चढले, तेव्हा इतकी खूश मी दहावीच्या निकालालाही नव्हते.

तेव्हा बरं दिसेल का, हे विचारायचं सोड. या रविवारी तीन किलोमीटर, हळू. निघताना आईला रस्ता सांगून जा, आणि आल्यावर मला फोन कर.