जवाची पारख

अलेप्पो हे सीरिया देशातील एक अतिप्राचीन नगर होय. त्याच्या आसपासच्या कोरडवाहू मुलखात हिवाळ्यात बेताचाच पाऊस पडतो. कित्येक ठिकाणी तो वर्षाकाठी २५० मिलिमीटरही भरत नाही. अशा भूमीत तग धरणारे धान्य म्हणजे जव. त्याच्या दाण्यांवर व काडावर तेथील मेंढ्यांचे कळप पोसले जातात. पाऊस रुसला, की शेत आणि कळप दोन्ही संकटात सापडतात.

कोरड्या प्रदेशातील शेतीच्या संशोधनासाठी १९७७ साली या नगराजवळ 'इकार्डा' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञ जवाची नवी वाणे तयार करीत. परंतु केंद्राच्या सुपीक जमिनीत जे वाण सरस ठरे, तेच रखरखीत रानात पुष्कळदा मागे पडे. शेतकरी आपले जुने वाण सोडीत नसत. हा त्यांचा हट्ट होता काय?

मुळीच नाही. सल्वातोरे चेक्कारेल्ली व स्टेफानिया ग्रांडो या शास्त्रज्ञांनी हे ओळखले. १९९५ च्या सुमारास त्यांनी सुमारे २०० नवी वाणे शेतकऱ्यांच्याच शेतांत लावली आणि निवड करण्यास त्यांनाच सांगितले. शेतकरी वाफ्यावाफ्यांतून हिंडत, ओंब्या न्याहाळीत आणि प्रत्येक वाणास गुण देत. परीक्षक ते, विद्यार्थी जव!

ते कोणते गुण पाहत? अवर्षणात जव खुरटला, तर यंत्राने कापता येत नाही. हातांनी उपटावा लागतो. म्हणून कोरड्या वर्षीही उंच वाढणारे वाण त्यांना हवे असे. काड मऊ असेल, तर मेंढ्या ते आवडीने खातात. संशोधक दाण्यांचे वजन पाही. शेतकरी मेंढीचे पोटही पाही.

पुढे दोघांच्या निवडी ताडून पाहिल्या. आपल्या शेतात अधिक पिकणारे वाण ओळखण्यात शेतकरी शास्त्रज्ञांपेक्षा उणे नव्हते! वाणांचा संकर करणे व आकडेमोड करणे हे शास्त्रज्ञांचे काम. पारख करणे शेतकऱ्यांचे. ही रीत पुढे जॉर्डन, इजिप्त, इरिट्रिया आदी देशांतही गेली. युद्धामुळे २०१२ साली संस्थेला अलेप्पो सोडावे लागले. पण ही रीत मागे राहिली नाही.

मुलांनो, ज्ञान ग्रंथांत असते, तसेच ते मातीत राबणाऱ्या हातांतही असते. ही दोन ज्ञाने एकत्र आली, तरच दुष्काळाशी झुंजणारे बीज हाती येते.