हृदय हुकूम ऐकेनासे का होते?

कॅडेट मित्रांनो, सकाळी पीटीच्या मैदानावर उस्तादांची शिट्टी वाजली की पाय उचलण्याआधीच छातीत धडधड वाढते. हे काम अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्याचे भावंड नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांचे. पहिले मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून रक्तात येते, दुसरे मुख्यतः हृदयाजवळच्या चेतातंतूंतून.

त्यांचा हुकूम ऐकण्यासाठी हृदयपेशींच्या आवरणावर ‘रिसेप्टर’ म्हणजे ग्राही नावाची प्रथिने असतात. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी अल्फा आणि बीटा असे ग्राहींचे दोन प्रकार मांडले. हृदयात मुख्यतः बीटा-१ ग्राही असतात.

रक्तदाब वर्षानुवर्षे १४०/९० च्या वर राहिला, तर हृदयाच्या डाव्या निलयाला रोज जास्त जोर लावून रक्त ढकलावे लागते आणि त्याची भिंत जाड होते. अनेक रुग्णांत चेतातंतूंचा हुकूमही सतत चालूच राहतो. दिवसभर शिट्टी वाजत राहिली तर आपण तिकडे लक्ष देणे सोडू, तसेच येथे होते. आधी ग्राहींचा प्रतिसाद मंदावतो, मग ते पेशीच्या आत ओढले जातात. हृदय दुबळे होऊ लागले की त्यांची संख्याही घटते. मग जिना चढताना जादा जोर हवा असतो, पण हृदय तो देऊ शकत नाही.

जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-ब्लॉकर औषध शोधले. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हे औषध ग्राहीची जागा अडवते, त्यामुळे हृदयाला विसावा मिळतो. पुढे पेशी ग्राहींची संख्या पुन्हा वाढवतात.

धोका इथेच आहे. गोळी एकदम बंद केली, तर वाढलेल्या ग्राहींवर अ‍ॅड्रेनॅलिनचा मारा होतो. ठोके आणि रक्तदाब उसळतात. हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो.

रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला हे औषध लागतेच असे नाही. ते डॉक्टर ठरवतात. पण “आता बरं वाटतंय” म्हणून कोणतीही गोळी स्वतःहून सोडू नये. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, तो मोजल्यावरच कळतो.

आपल्यापैकी अनेकांचे आईबाबा रात्रभर प्रवास करून हेब्बाळला भेटायला येतात. खाऊच्या डब्याबरोबर गोळ्यांची पट्टीही पिशवीत ठेवा, असे या रविवारी फोनवर त्यांना नक्की सांगा.