भिडेवाडा

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या देवळासमोर, भिडेवाडा होता. होता असेच म्हणायचे. ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री तो पाडला.

वाडा तात्यासाहेब भिडे यांचा. १८४८ साली त्यांनी येथे जोतीराव फुले यांना मुलींच्या शाळेसाठी जागा दिली. सावित्रीबाई फुले येथे शिकवू लागल्या. तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. जाता-येता लोक त्यांच्या अंगावर शेण टाकीत. तरी त्यांनी शिकवणे सोडले नाही.

असे वाडे कसे बांधीत, ते पाहू. आधी दगडी जोते. जोत्यावर दगडाचे तळखडे. तळखड्यावर सागवानी खांब. खांब मातीत का पुरीत नसत? मातीत ओल असते, वाळवी असते. खांबांवर आडव्या तुळया. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर माती. झाला वरचा मजला! याला कडीपाट म्हणतात.

सारे ओझे खांबांवर. मधल्या भिंती नुसत्या आडोशाला. म्हणून रस्त्याकडची बाजू मोकळी ठेवली तरी चाले. खाली दुकान, वर बिऱ्हाड, अशी सोय त्यामुळे झाली. भिडेवाड्यातही खाली दुकाने होती.

लाकडाला वयाचे भय नाही, पाण्याचे आहे. एक कौल सरकले की पाणी तुळईच्या टोकात मुरते. हे टोक भिंतीत असते, दिसत नाही. वरून रंग छान, आत भुसा! म्हणून पावसाळ्याआधी छप्पर शाकारावे लागते. काम एवढेच, पण करायचे कोणी? मालक म्हणतो, भाडे कितीसे येते? भाडेकरू म्हणतो, घर कुठे माझे आहे? पेठेतले कितीतरी वाडे या वादात बसले.

भिडेवाडाही मोडकळीस आला. तेथे स्मारक व्हावे, असे महापालिकेने ठरवले. दुकानदार कोर्टात गेले. तंटा अनेक वर्षे चालला. दुकानदारांना सरसकट दोष देणे मला पटत नाही. ज्याची चूल गल्ल्यावर पेटते, तो जागा सहज कशी सोडील? शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला आणि महिन्याभरात वाडा पडला.

स्मारक त्याच जागी बांधायचे ठरले, पण नव्याने. जुना वाडा दुरुस्त करून नव्हे.